सोसायटीत डेंग्यूचा पेशंट निघाला: मुंबईतल्या नव्या सेक्रेटरीने पहिल्या आठवड्यात काय करायचं

सर्वसाधारण सभेत बाकी कुणी हात वर केला नाही म्हणून मी सेक्रेटरी झाले. जुन्या सेक्रेटरींनी किल्ल्यांचा जुडगा दिला, पासबुकं दिली, ऑडिटच्या फायली दिल्या. डासांबद्दल चकार शब्द नाही. दोन महिन्यांनी, ऑगस्टात, रात्री पावणेदहाला बी विंगमधून फोन आला, ‘मुलाचा डेंग्यू पॉझिटिव्ह आलाय, तुम्ही काय करताय?’ मी काय करत होते, तर भाजी निवडत होते.

पुढचे तीन आठवडे मी जे काही केलं त्यातलं निम्मं उलटसुलट होतं. चुकीच्या खिडकीवर रांग लावली, नको तिथे पैसे घातले, आणि जिथे पाहायचं तिथे सगळ्यात शेवटी पाहिलं. तुम्ही नुकतेच कमिटीवर आला असाल, त्यातही मुंबई महापालिकेच्या हद्दीत नवे असाल, तर ही वाट माझ्यापेक्षा कमी वळणांनी पार व्हावी म्हणून हे लिहिते आहे. ठाणे, पुणे, नागपूरला खात्यांची नावं थोडी बदलतील. डास तोच.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

कागद: सोसायटीचं लेटरहेड आणि शिक्का, पेशंटच्या घरच्यांनी स्वतःहून दिली तर रिपोर्टची प्रत, सगळ्या फ्लॅटची यादी (बंद फ्लॅटच्या मालकांच्या फोन नंबरांसकट), पाण्याच्या टाक्या शेवटच्या धुतल्याची पावती, आणि महापालिकेकडून याआधी आलेली एखादी नोटीस. ही शेवटची गोष्ट बहुतेक वॉचमनच्या खणात सापडते. आमच्याकडे तिथेच सापडली, चहाचे डाग पडलेली.

वस्तू: चांगला टॉर्च, लांब दांड्याचा डाव, पांढरी वाटी किंवा आइसक्रीमचा पांढरा डबा, शिडी, घासायचा ताठ ब्रश, वही. पांढरी वाटी का, ते चौथ्या पायरीत कळेल.

१. रिपोर्ट वाचा, आणि ग्रुपवर नाव टाकू नका

रिपोर्टवर ‘एनएस१’ लिहिलेलं असेल तर ताप नवा आहे. ही तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची. ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह असेल तर आजार त्याहून जुना असू शकतो, कारण ते प्रतिद्रव्य साधारण पाच दिवसांनंतर दिसू लागतं. झटपट कार्डावरच्या निकालावर सरकारी यंत्रणा शिक्कामोर्तब करत नाही, तिला एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीचा निकाल लागतो. म्हणून महापालिकेचा माणूस ‘हा संशयित आहे’ म्हणाला तर तो तुम्हाला उडवून लावतोय असं समजू नका. मी समजले होते आणि उगाच आवाज चढवला होता.

दुसरी गोष्ट तारखांची. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस हा दिवसा चावणारा डास. मुलगा दिवसभर शाळेत आणि क्लासला असतो, मोठा माणूस ऑफिसात. तेव्हा ‘पेशंट आमचा म्हणजे डास आमचाच’ असं लगेच धरू नये. पण ‘बाहेरूनच आणला असेल’ म्हणून हातावर हात ठेवूनही बसू नये. बाहेरून आणलेला असला तरी आता पेशंट तुमच्या इमारतीत आहे. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा असं घरच्यांना सांगा. लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि सकाळी गुंडाळून ठेवतात, म्हणजे बरोबर उलटं.

आणि नाव. ग्रुपवर ‘बी विंगमध्ये डेंग्यूचा एक रुग्ण, सर्वांनी आपापल्या घरातलं साठलेलं पाणी पाहावं’ एवढं पुरतं. मी फ्लॅट नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कामवाल्या मावशी यायच्या बंद झाल्या. डेंग्यू माणसाकडून माणसाला शिंकेतून होत नाही हे मग मला जिन्यात उभं राहून दहा जणांना सांगावं लागलं.

२. वॉर्ड ऑफिसात दोन दारं आहेत

नवा माणूस इथेच चुकतो. महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात ‘आरोग्य’ आणि ‘कीटकनाशक’ ही दोन वेगळी खाती आहेत. पेशंट, रक्ततपासणी, घरोघरी तापाची पाहणी हे वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्यांना ‘एमओएच’ म्हणतात त्यांच्याकडे. डास, अळ्या, टाक्या, फवारणी आणि उंदीरसुद्धा कीटकनाशक खात्याकडे, म्हणजे ‘पीसीओ’कडे (पेस्ट कंट्रोल ऑफिसर). कचऱ्याचा आणि डेब्रिजचा ढीग असेल तर तिसरंच खातं, घनकचरा. मी आरोग्याच्या खिडकीवर तासभर उभी राहून फवारणीचा अर्ज देत होते. तिथल्या बाईंनी शांतपणे समोरच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

सोपा मार्ग हा:

१९१६ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. त्याच दिवशी लेटरहेडवर दोन अर्ज करा, एक आरोग्य खात्याला, एक कीटकनाशक खात्याला. प्रत्येकाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर पोच घ्या. पोच म्हणजे तारखेचा शिक्का आणि सही. नुसतं ‘देऊन आलो’ याला पुढे काही किंमत नसते. अर्जात लांबण नको: इमारतीचं नाव, विंग, फ्लॅट किती, टाक्या किती, ताप असलेले किती, गच्चीची किल्ली कुणाकडे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. किल्ली नाही म्हणून कामगार परत गेले तर ती चूक तुमच्या खात्यावर.

३. फॉगिंगच्या मागे लागू नका

तुमच्यावर सगळ्यात जास्त दबाव याचाच येईल. ‘धूर मारला का?’ लोकांना धूर दिसला की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मी कमिटीच्या संमतीने एका खासगी कंत्राटदाराला बोलावलं. संध्याकाळी सातला मशीन फुरफुरलं, पांढऱ्या ढगात पोरं नाचली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना दम लागला, आणि बिल आलं. चौथ्या दिवशी डास होते तितकेच.

कारण साधं आहे. धुराने मरतो तो उडणारा डास, तोही धूर अंगावर आला तर. पाण्यातल्या अळ्यांना आणि अंड्यांना धुराचं काही सोयरसुतक नसतं. मरतात त्यांच्या जागी आठवड्याभरात नवे उडतात. शिवाय एडिस घरात पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या सावलीत बसतो, आणि धूर येतो म्हटल्यावर आपण खिडक्या लावून घेतो.

पेशंट निघाल्यावर महापालिका स्वतःहून जी फवारणी करते तिला जरूर सहकार्य करा, साथीच्या वेळी तिचा उपयोग आहे. पण सोसायटीचे पैसे त्यात घालू नका. तेवढ्यात टाकीची चार चांगली झाकणं येतात.

४. स्वतः फिरा: पळी, पांढरी वाटी, वही

एडिसला गटार लागत नाही. त्याला स्वच्छ, साठलेलं, न हलणारं पाणी हवं, आणि तेही बाटलीच्या टोपणाएवढं पुरतं. अंडं ते डास हा प्रवास आपल्या हवेत सात ते दहा दिवसांचा. म्हणून सगळी मोहीम ‘आठवड्यातून एकदा’ या मापावर चालते.

अळी ओळखायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. साठलेलं पाणी डावाने अलगद उचलून पांढऱ्या वाटीत ओता आणि अर्धा मिनिट स्थिर धरा. आधी काही दिसत नाही. मग बारीक, दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत वर येतं, पृष्ठभागाला शेपटीचं टोक लावून तिरकं, डोकं खाली करून लटकतं. वाटीवर सावली पडली की झटक्याने तळाशी जातं. ती एडिसची किंवा क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासाची अळी. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली तर ती ॲनॉफिलिसची, म्हणजे मलेरियाची. स्वल्पविरामासारखं गोलसर, डोकं मोठं, असं काही दिसलं तर तो कोष. कोष दिसला म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार, तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायला वाव नाही.

आता कुठे पाहायचं. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीचं पाणी पडतं ती जागा, छज्जे, छज्जांवर फेकलेले डबे आणि नारळाच्या करवंट्या, टायर, थर्माकोलचे खोके, शोभेची कारंजी, पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या कव्हरचा खोलगट भाग, मंडपाची ताडपत्री, बांबूची उघडी टोकं, लिफ्टचा खड्डा. लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारायला लिफ्टवाल्यांना बोलवा, स्वतः उतरू नका.

आमचं मूळ कुठे निघालं ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीला महापालिकेच्या सूचनेप्रमाणे नवं घट्ट झाकण बसवलं होतं. जुनं फायबरचं झाकण भंगारवाल्याला द्यायचं म्हणून टाकीच्या मागे उलटं टाकून ठेवलं आणि विसरलो. परातीसारखं ते झाकण, त्यात चार बोटं पावसाचं पाणी, तळाला शेवाळ. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातला कामगार आला, त्याने एक पळी भरली, माझ्यापुढे वाटी धरली. त्यात किमान पन्नास वळवळत होत्या. तो काहीच बोलला नाही. झाकण गच्चीच्या कोरड्या लादीवर उपडं केलं आणि पायाने घासलं.

ते घासणं मुद्दाम होतं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या कडेला, ओल्या भिंतीवर चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुढचा पाऊस आला की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड ब्रशने घासायची. पिंप, बादल्या, पक्ष्यांची भांडी, सगळ्यांना हाच नियम.

आणि अळ्या दिसलेलं पाणी नाल्यात किंवा गटारात ओतू नका, कोरड्या जमिनीवर ओता. तिथे त्या काही वेळात मरतात.

वहीत साधा हिशेब ठेवा: किती घरं पाहिली, किती घरांत अळ्या निघाल्या. आरोग्य खातं याच गणिताला ‘घर निर्देशांक’ म्हणतं. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या, एवढंच ते. आमच्या ८४ फ्लॅटपैकी पहिल्या फेरीत ६१ उघडे मिळाले, त्यातल्या ९ घरांत अळ्या होत्या. म्हणजे निर्देशांक जवळपास १५. हा आकडा सूचनाफलकावर लावला, नावं न लावता. त्याने जे काम झालं ते माझ्या चार परिपत्रकांनी झालं नव्हतं.

५. टाक्या आणि नोटीस

मुंबईचा मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास टाक्यांचा आणि विहिरींचा शौकीन. ही आजची गोष्ट नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर जो अहवाल दिला त्यातही बोट विहिरी आणि टाक्यांवरच होतं. शंभरावर वर्षं झाली, झाकण उघडं ठेवायची आपली सवय काही गेली नाही.

टाकीला हवं ते असं: फट नसलेलं, कुलूप लागणारं झाकण, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी, आणि वर चढायला पक्की लोखंडी शिडी. शिडी कशाला, असं आमचे खजिनदार विचारत होते. तपासणीला आलेला माणूस वर चढणार कसा?

अळ्या सापडल्या किंवा टाकी उघडी दिसली तर मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३८१ खाली नोटीस येते. तिच्यात मुदत दिलेली असते. त्या मुदतीत दुरुस्ती करा, फोटो काढा, पावती जोडून लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. दुर्लक्ष केलं तर प्रकरण कोर्टात जाऊन दंड होतो, आणि तेव्हा नाव सोसायटीच्या पदाधिकाऱ्याचं लागतं. म्हणून वॉचमनला आजच सांगा: महापालिकेचा कोणताही कागद खणात टाकायचा नाही, त्याच दिवशी वर आणून द्यायचा.

रिकामी करता न येणारी विहीर किंवा हौद असेल तर कीटकनाशक खात्याकडे गप्पी मासे मागा. अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं.

शेजारी बांधकाम चालू असेल तर तेही अर्जात लिहा. ताज्या स्लॅबवर धरलेलं पाणी, पायाचे खड्डे आणि तिथेच झोपणारे मजूर, अशा जागी मलेरिया पटकन धरतो. ती जबाबदारी बांधकाम करणाऱ्याची आहे, पण तक्रार बहुधा तुम्हालाच करावी लागते.

६. ताप आलेल्यांना कुठे पाठवायचं

पहिला थांबा महापालिकेचा जवळचा दवाखाना किंवा ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’. २०२२ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. संध्याकाळीही ते उघडे असतात, म्हणून कामावर जाणाऱ्यांना सोयीचे. सोसायटीतल्या सफाई कामगारांना, ड्रायव्हरांना, घरकामाच्या मावशींना हे आवर्जून सांगा. खासगी लॅबचा खर्च टाळायला ताप अंगावर काढणारे तेच असतात. जवळचा दवाखाना माहीत नसेल तर १९१६ वर विचारा. दाखल करायची वेळ आली तर केईएम, सायन, नायर, कूपर ही मोठी रुग्णालयं आहेतच, आणि साथीच्या आजारांसाठी सात रस्त्याजवळचं कस्तुरबा. रुग्णवाहिका १०८.

डॉक्टर मी नाही, पण चार गोष्टी ज्या मला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या त्या इथे देते.

पावसाळ्यात ताप आला की डेंग्यूबरोबर मलेरियाचीही तपासणी करून घ्या. तापावर पॅरासिटामॉल; ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नाही, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच काहींची तब्येत बिघडते. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन असले तरी. प्लेटलेटच्या आकड्यावर घरं जागतात, पण डॉक्टरांचं लक्ष हिमॅटोक्रिटवर (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) आणि रक्तदाबावरही असतं.

मलेरिया निघाला आणि तो व्हायवॅक्स प्रकारचा असेल तर प्रायमाक्विन या गोळ्यांचा कोर्स १४ दिवसांचा असतो. ताप तिसऱ्या दिवशी जातो आणि गोळ्याही तिथेच थांबतात, मग यकृतात दडून बसलेला जंतू महिना-दोन महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. आमच्या वॉचमनचं हेच झालं. त्याच्या गोळ्यांची पट्टी मग मी माझ्याकडे ठेवली आणि रोज एक दिली. (प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत, आणि जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनाही चालत नाही. म्हणून गोळ्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या, शेजाऱ्याच्या उरलेल्या नव्हे.)

पेशंटची नोंद झाली की आरोग्य सेविका घरोघरी ताप विचारायला येतात, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. त्यांना गेटवर अडवू नका. आमच्या गेटवर त्यांना ‘सेल्समन अलाउड नहीं’ म्हणून परत पाठवलं गेलं होतं. दोघी उन्हात पुढच्या इमारतीत निघून गेल्या. त्यांना पाणी विचारा, पंख्याखाली बसवा, आणि कमिटीतला एक माणूस सोबत द्या. ओळखीचा चेहरा बरोबर असला की दारं पटापट उघडतात.

७. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर

हा डासांचा विषय नाही, पण त्याच महिन्यांत येतो आणि सेक्रेटरीच्याच गळ्यात पडतो. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत या जंतूंच्या आजाराने, म्हणजे लेप्टोने, मुंबईला जे दाखवलं ते त्या वेळी इथे असलेल्यांना आठवत असेल.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर २४ ते ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्सिसायक्लिन या लेप्टो टाळायच्या औषधाबद्दल विचारा. किती आणि किती दिवस हे पायाला जखम आहे का, एकदाच चाललात की रोज त्या पाण्यात काम करता, यावर ठरतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं निवडतात. सोसायटीने एवढं करावं: सफाई कामगाराला आणि पंप चालवणाऱ्याला गमबूट द्यावेत. आमच्याकडे दोन जोड आले, एक दोघांनाही घट्ट झाला. माप विचारून आणा.

८. रविवारचा कोरडा दिवस

आठवड्यातून एकदा घरातली सगळी साठवणीची भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. आम्ही रविवार सकाळी दहाची वेळ धरली. वॉचमन इंटरकॉमवरून आठवण करतो. गच्ची, छज्जे आणि पार्किंगची फेरी कमिटीतले दोघे मारतात, दर आठवड्याला पाळी बदलते. वीस मिनिटं लागतात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चुकवायचं नाही, कारण पाऊस संपल्यावरही ऑक्टोबरात डेंग्यूचे पेशंट येतच राहतात.

बंद फ्लॅट हे सगळ्यात चिवट दुखणं. मालक पुण्याला किंवा परदेशात, बाल्कनीत कुंड्या, कमोडमध्ये पाणी. उपविधींप्रमाणे आधी लेखी कळवून, किल्ली घेऊन, दोन सभासदांसमोर पाहणी करा आणि वहीत तिघांच्या सह्या घ्या. कमोडचं झाकण बंद करून ठेवा, कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करा, बाथरूममधली बादली पालथी घाला. सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची किल्ली मिळवायला मला पाच आठवडे आणि मालकांच्या बहिणीचा पत्ता लागला. आत बाल्कनीत तुळशीवृंदावन होतं, तुळस कधीच वाळलेली, आणि पन्हाळीत पाणी. पळी घेऊन गेले होतेच.